विश्लेषण : जड पाण्यावर सॉफ्टनर बसवण्याआधी मोताळ्यातील घरांनी काय तपासावे?

नळाच्या तोंडावर पांढरा थर, बादलीच्या काठाला खार, दोन वर्षांत जळणारी गिझरची कॉइल आणि कितीही साबण लावला तरी न येणारा फेस. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या बहुतेक घरांची ही तक्रार. त्यावर उपाय म्हणून आता ‘वॉटर सॉफ्टनर’ दारोदार विकले जाऊ लागले आहेत. हे यंत्र नेमके काय करते, काय करत नाही, त्याआधी घरच्या घरी कोणती दुरुस्ती करता येते आणि यंत्रातून निघणारे मीठ शेवटी कुठे जाते, याचा आढावा.

मोताळ्याचे पाणी जड का?

राजूर घाट उतरून बुलढाण्याहून मोताळ्याकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जो काळा खडक दिसतो, त्यातच याचे उत्तर आहे. हा दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा थर. या खडकातील खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. पावसाचे पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपते आणि हे दोन्ही घटक विरघळवून सोबत नेते. बोअर जितका खोल, तितका पाण्याचा खडकाशी सहवास जास्त आणि पाणी जड होण्याची शक्यताही जास्त. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की ‘पाणी बदलले’ असे जे घरोघर म्हटले जाते, त्यामागे बहुधा हेच असते.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, म्हणजे ज्यात फेस धड येत नाही असे. बोलीत आपण ‘जड’ किंवा ‘कठीण’ पाणी म्हणतो. अणुभट्टीत वापरतात त्या ‘जड पाण्या’शी याचा काहीही संबंध नाही.

येथे आणखी एक गल्लत टाळली पाहिजे. मोताळ्याच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तेथील पाण्याचा प्रश्न प्रामुख्याने सोडियम आणि क्लोराइडचा, म्हणजे खारेपणाचा आहे. बेसाल्टमधल्या बोअरचा प्रश्न मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, म्हणजे जडपणाचा. दोन्ही पाणी ‘क्षाराचे’ म्हणून ओळखले जात असले तरी दोघांचे उपाय वेगळे आहेत. सॉफ्टनर जडपणा काढतो. खारेपणा काढत नाही. खाऱ्या पाण्यावर सॉफ्टनर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

किती जड म्हणजे जास्त जड?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १०५००’ हे मानक लागू आहे. त्यानुसार पाण्याचा एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी, म्हणजे टीडीएससाठी, हीच मर्यादा अनुक्रमे ५०० आणि २००० मिलिग्रॅम आहे. नायट्रेटसाठी मात्र ४५ मिलिग्रॅम ही एकच मर्यादा आहे, त्यात सवलत नाही. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि कोणत्याही परिस्थितीत १.५ च्या वर जाऊ नये.

यातून एक गोष्ट लक्षात येते. जडपणाची मर्यादा तिप्पट सैल ठेवता येते, कारण तो प्रामुख्याने सोयीचा आणि खर्चाचा प्रश्न आहे. साबण जास्त लागतो, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, पाईप आणि गिझर खराब होतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. जड पाण्यानेच मुतखडा होतो, असेही ठामपणे सिद्ध झालेले नाही. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, विक्रेत्याचा नव्हे. नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू हा मात्र थेट आरोग्याचा प्रश्न आहे आणि सॉफ्टनर यांतील कशावरही इलाज नाही.

तपासणी कुठे आणि कशी करायची?

पहिली चाचणी घरात होते. दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत पावसाचे साठवलेले किंवा डिस्टिल्ड पाणी, दुसरीत बोअरचे पाणी. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवावे. एकीत फेसाचा थर उभा राहतो. दुसरीत पाणी गढूळ होते आणि वर दह्यासारखी साय धरते. ती साय म्हणजे कॅल्शियमशी बांधला गेलेला, वाया गेलेला साबण. या चाचणीसाठी शाम्पू किंवा कपड्याची पावडर वापरू नये, त्यांचा फेस जड पाण्यातही येतो.

यातून पाणी जड आहे एवढेच कळते. आकडा हवा असेल तर थेंब मोजून करायचे जडपणाचे किट मिळते. संपूर्ण तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर तपासणी संच देण्याची आणि प्रत्येक गावातील पाच महिलांना ते वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. खेड्यात राहणाऱ्यांनी आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करावी. नमुना घेताना पंप पाच-दहा मिनिटे चालू द्यावा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि मगच भरावी. शक्य असल्यास एक तपासणी पावसाळ्यानंतर आणि एक एप्रिल-मेमध्ये करावी. यंत्राचा आकार उन्हाळ्याच्या आकड्यावर ठरतो.

अंदाजावर विसंबण्याचे काय होते, हे जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केसगळती सुरू झाली, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या अभ्यासाने रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. पाण्याबद्दल शंका घेणे योग्यच. पण शंका म्हणजे अहवाल नव्हे.

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात काय पाहावे?

दोन प्रयोग सर्रास केले जातात. पहिला टीडीएस पेनचा. पेनवर ७०० आकडा दाखवून ‘पाणी किती जड’ असे सांगितले जाते. पेन पाण्याची वीजवाहकता मोजते आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देते. त्यातला जडपणा किती, हे त्याला कळत नाही. शिवाय सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. तेव्हा सॉफ्टनर विकणाऱ्याच्या हातातले टीडीएस पेन मुळातच गैरलागू आहे.

दुसरा प्रयोग विजेवर चालणाऱ्या कांड्यांचा. त्या पाण्यात बुडवल्या की पाणी तपकिरी-हिरवे होते आणि ‘ही घाण तुम्ही पिता’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो रंग मुख्यतः लोखंडी कांडीच्या झिजण्याचा असतो. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते आणि लोखंड झिजते. क्षार नसतील तर वाहत नाही. घाणीचा तेथे संबंध नसतो. विचारायचेच असेल तर एकच विचारावे, ‘यंत्राच्या आधीचा आणि नंतरचा जडपणा किटने मोजून दाखवता का?’

सॉफ्टनर चालतो कसा?

यंत्राच्या उभ्या टाकीत रेझिनचे मोहरीएवढे मणी असतात. या मण्यांवर सोडियम धरलेले असते. जड पाणी त्यातून गेले की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. हा अदलाबदलीचा व्यवहार आहे, गाळण्याचा नव्हे. काही दिवसांनी मण्यांवरचे सोडियम संपते. मग त्यांतून मिठाचे घट्ट पाणी सोडतात. व्यवहार उलटा होतो. मणी पुन्हा सोडियम धरतात आणि सुटलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम खाऱ्या पाण्याबरोबर बाहेर पडते. याला ‘रिजनरेशन’ म्हणतात.

काळ्या मातीत शेती करणाऱ्याला हा व्यवहार नवा नाही. मातीचे चिकणकण असेच कॅल्शियम धरून असतात, म्हणून जमीन भुसभुशीत राहते. सोडियमयुक्त पाणी देत राहिले की कॅल्शियमची जागा सोडियम घेते, कण सुटे होतात, जमीन वर कडक आणि आत चिबड होते. मग ती सुधारायला जिप्सम, म्हणजे पुन्हा कॅल्शियम, टाकावे लागते. सॉफ्टनरचे पाणी परसबागेला का देऊ नये, याचे उत्तर येथेच मिळते.

गंमत म्हणजे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या पहिल्या सॉफ्टनरमध्ये झिओलाइट वर्गातील पदार्थ वापरले जात. हीच खनिजे आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत चकाकणाऱ्या पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात सापडतात. कृत्रिम रेझिनचा शोध १९३५ सालचा.

यंत्राआधी घरात काय दुरुस्त करावे?

गळक्या घरात सॉफ्टनर बसवला तर मीठ खर्चून केलेले पाणीच गटारात जाते. म्हणून आधी गळती. नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला २१ लिटरच्या आसपास पाणी जाते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे एक ठिबकणारा नळ अडीच दिवसांत एका माणसाचा दिवसाचा वाटा संपवतो. पटत नसेल तर रात्री नळाखाली बादली ठेवून सकाळी मोजावे.

पुढील कामे साधा पाना, पाईप पाना, पेचकस, पक्कड, टेफ्लॉन टेप आणि थोडा धीर एवढ्यावर होतात. कोणत्याही कामाआधी टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि नळ उघडून पाईपमधले पाणी काढून टाकावे. हा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातील सगळ्यांना माहीत असावे. अनेक ठिकाणी तो क्षाराने जाम झालेला असतो. महिन्यातून एकदा बंद-चालू केला तर तो जाम होत नाही.

ठिबकणारा नळ : जुन्या पितळी नळात दोष बहुतेक वेळा वॉशरचा असतो. मूठ काढून वरचा नट सोडवावा, स्पिंडल फिरवत बाहेर काढावा. खालचा झिजलेला वॉशर काढून त्याच मापाचा बसवावा. मापासाठी जुना वॉशर दुकानात घेऊन जाणे उत्तम. आत जेथे वॉशर टेकतो त्या कडेवर क्षाराचे खडे असतील तर ते खरवडून पुसून घ्यावे. नाहीतर नवा वॉशरही महिनाभरात कापला जातो. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात वॉशर नसतो, सिरॅमिक चकत्यांचा पूर्ण स्पिंडल बदलावा लागतो. नळ गळतो म्हणून तो जोर लावून आवळत राहणे हे आजार वाढवणारे औषध आहे.

धार बारीक होणे : नळाच्या तोंडाची जाळी आटे फिरवून काढावी आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबू सताच्या कोमट पाण्यात तासभर बुडवावी. शॉवरच्या तोंडालाही हाच उपाय. संडास धुण्याचे अॅसिड येथे वापरू नये, त्याने क्रोमचा मुलामा जातो. आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीची टीसीएल, कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

आट्यांमधून गळती : जोड उघडून जुनी टेप आणि क्षार साफ करावेत. आट्याचे तोंड आपल्याकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळली तर आवळताना ती सुटून येते. प्लॅस्टिकचे आटे हाताने घट्ट करून वर पान्याने अर्धा फेरा पुरे. जास्त आवळल्यास एल्बो चिरतो.

फ्लश टाकीची चोरटी गळती : टाकीत थोडी नीळ टाकावी आणि वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात निळे पाणी उतरले तर खालचे रबर खराब आहे. ही गळती आवाज करत नाही, म्हणून वर्षानुवर्षे चालते.

टाकी ओसंडणे : तरंगत्या गोळ्याच्या व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकला की तो पूर्ण बंद होत नाही. काढून साफ करावा. गोळ्यात पाणी शिरले असेल तर गोळा बदलावा.

फुटलेला सीपीव्हीसी पाईप : चिरलेला भाग काटकोनात कापावा, कडा घासून गुळगुळीत कराव्यात, कोरड्या कराव्यात आणि सोल्युशन लावून कपलिंग बसवावे. अर्धा मिनिट दाबून धरावे आणि डब्यावर लिहिलेला वेळ पाणी सोडू नये. सीपीव्हीसी आणि साध्या पीव्हीसीचे सोल्युशन वेगळे असते. गरम पाण्याच्या लाईनवर साधा पीव्हीसी पाईप लावू नये.

कोणते काम प्लंबरला द्यावे?

भिंतीतील गळती, सबमर्सिबल पंप, प्रेशर पंप आणि गिझरची कॉइल ही कामे जाणकाराचीच. गिझरला हात लावण्याआधी केवळ बटण नव्हे, एमसीबी बंद करावा. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून तो बुजवून टाकणारे लोक आहेत. हा थेट जिवाशी खेळ आहे. तो व्हॉल्व्ह वाढलेला दाब बाहेर सोडण्यासाठीच असतो आणि क्षाराने जाम झाला तर बदलायचा असतो. जमिनीखालच्या बंद हौदात सोल्युशन किंवा अॅसिड घेऊन एकट्याने उतरू नये.

यंत्र किती मोठे, मीठ किती?

हे गणित विक्रेत्याकडून नव्हे, आपणच करावे. समजा घरात पाच माणसे आहेत आणि अंघोळ-कपड्यांसाठी माणशी ६० लिटर, म्हणजे रोज ३०० लिटर पाणी लागते. तपासणीत जडपणा लिटरमागे ४५० मिलिग्रॅम निघाला. म्हणजे रोज ३०० गुणिले ४५०, अर्थात १३५ ग्रॅम जडपणा काढायचा आहे. एक लिटर रेझिन एका फेरीत साधारण ५० ग्रॅम जडपणा धरते. २० लिटर रेझिनचे यंत्र १००० ग्रॅम धरील, म्हणजे साधारण आठवड्याला एक रिजनरेशन. प्रत्येक वेळी लिटरमागे १५० ग्रॅम या हिशेबाने ३ किलो मीठ आणि धुण्याखळण्यासाठी साधारण दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागेल.

आता या आकड्याची दुसरी बाजू. आठवड्याला ३ किलो म्हणजे वर्षाला सुमारे १५६ किलो मीठ. एका गल्लीत अशी दहा यंत्रे बसली तर वर्षाला दीड टनाहून अधिक. हे मीठ नाहीसे होत नाही. जेथे भुयारी गटार नाही तेथे ते उघड्या नालीत किंवा शोषखड्ड्यात जाते. सोडियमचा काही भाग माती धरते, क्लोराइड मात्र पाण्याबरोबर खाली उतरते. कठीण खडकाच्या भागात भूजल भेगांमधून वाहते आणि शेजारच्या दोन बोअरचे पाणी एकाच भेगेतून येत असू शकते. बोअरजवळच्या शोषखड्ड्यात हे पाणी सोडणारा माणूस आज जडपणा काढून उद्याचा खारेपणा विकत घेतो, आणि तोही स्वतःसोबत शेजाऱ्यासाठी. उत्तरेकडच्या खारपाणपट्ट्याने पिढ्यान्पिढ्या जे सोसले, ते आपल्या हाताने येथे आणण्यात शहाणपण नाही.

म्हणून यंत्र घेतलेच तर ते कमीत कमी पाण्यासाठी घ्यावे. रिजनरेशनचे पाणी शोषखड्ड्यात, परसबागेत किंवा विहिरीच्या आसपास सोडू नये. बंदिस्त नालीत आणि बोअरपासून दूर सोडावे. बांधीव नालीच नसेल तर यंत्र घ्यावे का, याचाच फेरविचार करावा.

बसवताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

दाब : पाण्याच्या दहा मीटर उंचीने साधारण एक बार दाब मिळतो. एकमजली घराच्या स्लॅबवरची टाकी नळापासून तीन-चार मीटर उंच असते, म्हणजे दाब जेमतेम ०.३ ते ०.४ बार. बहुतेक स्वयंचलित यंत्रांना याहून बराच जास्त दाब लागतो. त्यामुळे प्रेशर पंपाचा आणि विजेचा खर्च वेगळा येतो. यंत्राच्या कागदावर किमान दाब किती लिहिला आहे, हे पैसे देण्याआधी वाचावे.

लाईन : टाकीतून निघणारी लाईन दोन भागांत विभागावी. एक सॉफ्टनरमधून स्नानगृह, गिझर आणि वॉशिंग मशीनला. दुसरी थेट स्वयंपाकघर, संडासाचा फ्लश आणि झाडांना. फ्लशला आणि अंगण धुवायला मऊ पाणी देणे म्हणजे मीठ नालीत ओतणे.

पिण्यासाठी : १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. वरच्या उदाहरणात लिटरमागे २०७ मिलिग्रॅम. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असलेल्या घरात हे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरू नये.

बायपास : यंत्राच्या आत जाणारी लाईन, बाहेर येणारी लाईन आणि दोघींना जोडणारा आडवा पाईप अशा तीन ठिकाणी तीन व्हॉल्व्ह बसवावेत. यंत्र बिघडले तरी घराचे पाणी बंद पडत नाही. दोन्ही बाजूंना युनियन असावेत, म्हणजे यंत्र काढताना पाईप कापावा लागत नाही.

गाळणी : बोअरच्या पाण्यात गाळ किंवा लोह असेल तर रेझिन लवकर निकामी होते. म्हणून आधी गाळणी हवी. टाकीत टीसीएल टाकत असाल तर प्रमाणातच टाकावी. जास्त क्लोरीनही रेझिन खराब करते.

निचऱ्याचा पाईप : त्याचे टोक नालीच्या पाण्यात बुडलेले नसावे. वर थोडी मोकळी जागा सोडावी, नाहीतर घाण पाणी उलट ओढले जाण्याचा धोका असतो.

मीठ : स्वच्छ, दाणेदार आणि माती नसलेले असावे. जनावरांसाठीचे मातकट खडे मीठ स्वस्त पडते, पण त्यातील गाळ यंत्राचा मार्ग बुजवतो.

सॉफ्टनरशिवाय भागते का?

अनेक घरांत भागते. गिझरचे तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवावे. पाणी जितके तापते, तितका क्षार जास्त सुटतो. वर्षातून एकदा गिझर उघडून क्षार काढून घ्यावा. कपड्यांच्या बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून थोड्या वेळाने पावडर टाकली तर पावडर कमी लागते. जडपणाचा काही भाग उकळल्याने खाली बसतो. ते पाणी गार करून, न हलवता वरचेवर ओतून घेता येते. फक्त वॉशिंग मशीन किंवा गिझरच्या नळीवर लावायच्या छोट्या कार्ट्रिजही मिळतात. त्या जडपणा काढत नाहीत, थर बसण्याचा वेग कमी करतात. चुंबकाच्या पट्ट्यांबद्दल मात्र मोठे दावे केले जातात आणि पुरावा तोकडा आहे.

सगळ्यांत मऊ पाणी फुकट मिळते, ते छतावर पडते. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस फुटांच्या, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटरच्या स्लॅबवर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी २२ हजार लिटर पाणी मिळते. पहिला पाऊस वाहू द्यावा, पुढचा जाळीतून टाकीत घ्यावा. हे सारे साठवणे शक्य नसले तरी उरलेले बोअरजवळ मुरवता येते. मुरणारे पाणी बोअरच्या पाण्याची मात्रा वाढवते आणि क्षार पातळ करते. म्हणजे सॉफ्टनर जे पाणी जमिनीत खारे करून सोडतो, त्याच्या नेमके उलट.

मोताळा तालुक्यात शेलापूरजवळ नळगंगा धरण आहे. वैनगंगेचे पाणी ४२६ किलोमीटर कालव्यांतून ज्या नळगंगेपर्यंत आणण्याचे नदीजोड प्रकल्पात ठरले आहे, ती हीच. ते पाणी येईल तेव्हा येईल. तोवर घरातील क्रम साधा आहे : आधी तपासणी, मग गळती, मग पावसाचे पाणी आणि त्यानंतरही गरज उरली तर सॉफ्टनर. हा क्रम उलटा केला तर सर्वांत महागडी वस्तू आधी घरात येते आणि पंधरा-वीस रुपयांचा वॉशर तसाच ठिबकत राहतो.